चुंबक चार्जला ओढत नाही, वळवतो: बारावीच्या पोरांनो, या चुका टाळा

नाशकात गंगापूर रोडला बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो आणि दरवर्षी मॅग्नेटिझम आलं की त्याच त्या चुका, बॅच बदलते पण चुका काही बदलत नाहीत. मूळ एकच आहे, लहानपणी चुंबकाला टाचण्या चिकटताना बघितलेल्या असतात त्यामुळे चुंबक म्हणजे ओढणारच असं डोक्यात पक्कं बसलंय. चार्जचं, म्हणजे प्रोटॉन-इलेक्ट्रॉनसारख्या विद्युतभार असलेल्या कणाचं, तसं नसतं. चार्ज जागेवर उभा असेल तर स्थिर चुंबक त्याला विचारतही नाही, आणि पळत असेल तर बाजूला वळवतो. फोर्स वेगालाही काटकोनात आणि फील्डलाही (चुंबकीय क्षेत्रालाही) काटकोनात.

हे कळलं नाही की मग "फील्डमध्ये गेल्यावर प्रोटॉनचा स्पीड वाढला" असं बिनधास्त लिहितात. अरे, मुंबई नाक्याच्या सर्कलला रिक्षावाला ब्रेक न मारता गाडी फिरवतो, काटा तीसवरच, फक्त तोंड फिरतं, तसं आहे हे. फोर्स काटकोनात म्हणून काम शून्य, कायनेटिक एनर्जी जशीच्या तशी. मग कोणीतरी विचारतंच, सर मग सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना गोल फिरवून वेग देणाऱ्या मशीनमध्ये, स्पीड कसा वाढतो? तर तो दोन डीजच्या (डी अक्षरासारख्या पोकळ धातूच्या डब्यांच्या) मधल्या गॅपमधलं इलेक्ट्रिक फील्ड वाढवतं, चुंबक फक्त कणाला फिरवून परत गॅपपाशी आणून सोडतो. आणि हे जमतं कारण एका फेरीचा वेळ २πएम भागिले क्यूबी (एम मास, क्यू चार्ज, बी फील्ड), यात व्ही, म्हणजे स्पीड, आहेच कुठे? जोरात पळणारा मोठा गोल मारतो, वेळ तेवढाच. सायक्लोट्रॉन बनवणाऱ्या अर्नेस्ट लॉरेन्सला १९३९ चं नोबेल याच मशीनसाठी मिळालं.

फोर्सच्या दिशेची चूक तर बघण्यासारखी असते. उजव्या हातात पेन, तो खाली ठेवायचा कंटाळा, म्हणून उजव्या हाताचा नियम डाव्या हाताने लावतात! दिशा उलटी. त्यात कण इलेक्ट्रॉन असेल आणि त्याचा मायनस पण विसरले तर दोन चुका मिळून उत्तर बरोबर येतं आणि पोरगं खूश, हे सगळ्यात घातक. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावत असाल तर मधलं बोट करंटच्या दिशेने धरायचं, म्हणजे इलेक्ट्रॉन जिकडे चाललाय त्याच्या उलट.

आता जिथे सगळ्यात जास्त मार्क जातात ते. प्रोटॉन आणि अल्फा कण (हेलियमचं न्यूक्लियस), एकाच फील्डमध्ये दोघांच्या गोलाच्या रेडियसचं गुणोत्तर काढा. पोरं घाईत अल्फाचं मास ४ पट, चार्ज २ पट, म्हणून रेडियस दुप्पट असं ठोकून देतात. पण प्रश्नात "सारखं" काय दिलंय ते वाचलं का? स्पीड सारखा असेल तर दुप्पट बरोबर आहे. कायनेटिक एनर्जी सारखी असेल तर रेडियसच्या सूत्रात वर मासचं वर्गमूळ येतं, म्हणजे २, खाली चार्ज पण २, दोघांचा रेडियस सारखाच! आणि सारख्या व्होल्टेजमधून सोडले असतील तर √२ पट. एकच प्रश्न, तीन उत्तरं, आणि पेपर काढणाऱ्याला ते चांगलं माहीत असतं. तेव्हा तुमचं उत्तर २ किंवा √२ पटीने चुकत असेल तर लॉग टेबल नंतर उघडा, आधी प्रश्नाची पहिली ओळ परत वाचा.

दहा हजार पटीने चुकलं असेल तर फील्डच्या युनिटचा घोळ आहे, गॉसचे टेस्ला करायचे राहिले, डोळे झाकून सांगतो. १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस. आपल्या नाशकात पृथ्वीचं फील्ड साधारण ०.४ गॉस असतं, टेस्लात ते किती बारीक झालं बघा. १००० गॉसमध्ये सेकंदाला १० लाख मीटरने जाणारा प्रोटॉन साधारण १० सेंटीमीटर रेडियसचा गोल मारतो. १००० तसेच टेस्ला म्हणून टाकले की गोल केसापेक्षा बारीक होतो, आणि तरी कोणाला शंका येत नाही, चौकट करून मोकळे!

शेवटचं, फोर्सच्या सूत्रातला तो साइन थीटा. कोन वेग आणि फील्ड यांच्या मधला, कागदाच्या कडेशी नाही. तिरका शिरला तर कण स्प्रिंगसारखा पुढे जातो, गोल काढायला वेगाचा फक्त काटकोनातला भाग वापरायचा. आणि फील्डच्याच दिशेने निघाला असेल तर? मागच्या टेस्टला मुद्दाम हाच प्रश्न टाकला होता, अर्ध्या बॅचने पानभर आकडेमोड करून फोर्स काढला. उत्तर शून्य होतं.