बुलेट क्लस्टरसारखी टक्कर घरच्या संगणकावर

बुलेट क्लस्टर म्हणजे एकमेकांतून आरपार गेलेले दोन दीर्घिकासमूह. तशी टक्कर संगणकावर घडवायला गॅजेट-४ हा मोफत कोड पुरतो. तो वायू आणि डार्क मॅटर (न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ) कणांच्या रूपात मांडतो. आधी त्याला लागणाऱ्या लायब्ररी टाका: एमपीआय (काम अनेक कोअरवर वाटायला), जीएसएल (गणितासाठी), एचडीएफ५ (डेटा फाइल्ससाठी). मोठा समूह सूर्याच्या वस्तुमानाच्या १,००० लाख कोटी पट (एकावर पंधरा शून्यं), लहान त्याच्या एक-दशांश. दोन्हींत वायू सुमारे १५ टक्के, बाकी डार्क मॅटर.

खरी मेहनत सुरुवातीच्या स्थितीत. डार्क मॅटरची घनता केंद्रापासून कशी घटते ते सांगणारं सूत्र म्हणजे एनएफडब्ल्यू प्रोफाइल. त्याचं वस्तुमान बाहेर वाढतच जातं, म्हणून कडेला कापा. मग प्रत्येक समूह एकटाच १ अब्ज वर्षं चालवा. गाभ्याची घनता घसरली, तर कणांचे वेग चुकलेत. पुढे जाऊच नका. डार्क मॅटरचे कण फार जड ठेवले, तर ते वायूला उगाच तापवतात.

आता समूह १ कोटी प्रकाशवर्षं दूर ठेवून ताशी नव्हे, सेकंदाला १,८०० किमी वेगाने सोडा. टकरीनंतर वायू दाबामुळे मागे रेंगाळतो, डार्क मॅटर पार निघून जातं. दोन्ही एकत्रच निघाले, तर वायूचा कण-प्रकार ० आहे का बघा. आणि बुलेट क्लस्टरच्या शॉकचा (वायूतल्या धक्का-लाटेचा) सेकंदाला ४,७०० किमी वेग म्हणजे समूहाचा वेग नव्हे. समोरचा वायूही आत येत असतो.

मुंबईच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून मंदावतो. रन रात्री लावा, रीस्टार्ट फाइल्स (थांबलेला रन तिथूनच पुढे नेणाऱ्या) चालू ठेवा.