जुनं स्लॉट मशीन बघायला निघताय? आधी नाणी घ्या

नाणी घ्या. त्या जुगाराच्या मशीनला चालतात तीच. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून चोरबाजार गाठायचा आणि खिशात आपली चिल्लर, असला प्रकार करू नका.

शिकागोच्या मिल्स कंपनीचं पाच सेंटचं मशीन असेल तर अमेरिकन निकेल लागतं : २१.२१ मिलिमीटर, ५ ग्रॅम. विलायतेतलं भिंतीवर टांगायचं, गोळी उडवायचं ऑलविन असेल तर जुनी पेनी, जवळपास ३१ मिलिमीटरची. ती १९७१मध्ये चलनातून गेली, म्हणजे नाणीवाल्याकडूनच आणावी लागेल. २०११च्या नमुन्याचा रुपया २२च्या आसपास. निकेलच्या फटीत तो अडकतो आणि मग दुकानदारासमोर चिमटा घेऊन बसा. १९४३ ते ४७चा भोकाचा पैसा मापाला बसल्यासारखा वाटतो, पण वजनाला निम्म्याहून कमी, आणि वायसर घालून फसवणारे तेव्हाही होतेच, त्यामुळे भोक ओळखायची सोय बऱ्याच मशीनांत केलेली असते. घरच्या डब्यातले निजामाचे हाली शिक्के तर विसराच.

एवढं का सांगतोय? विकणारा आत बोट घालून खिट्टी सोडतो, दांडा ओढतो, तिन्ही चाकं गरगरतात, घंटा-चेरी-प्लम दिसतात आणि आपण पाघळतो. चाकं फिरणं हा सोपा भाग आहे हो! नाणं फटीतून उतरतं का, नळीत पडतं का, जिंकल्यावर खालच्या पट्ट्या सरकून मोजून पैसे बाहेर टाकतात का, ते नाण्याशिवाय कळत नाही. आणि एक-दोन नाण्यांनीही कळत नाही. नळी भरेल इतकी न्या. पुष्कळ मशीनांच्या बक्षीसपत्रावर तीन संत्र्यांना १०, तीन प्लमना १४, तीन घंटांना १८ असं असतं. यंत्र पेटीबाहेर काढून घ्या, चाकं हातानं जुळवा, पडलेली नाणी मोजा. १८च्या जागी ११ पडली तर भाव तिथेच उतरवा.

किल्ली आहे का, हे फोनवरच विचारा. मागचं दार उघडत नसेल तर जाऊच नका.

टॉर्च, चपटा पाना. १९१०चं म्हणून सांगितलेल्या मशीनला स्टार स्क्रू दिसले तर नंतर कुणीतरी हात घातलाय, कारण तसले स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्याला आले. लाकडी पेटी असेल तर बूड ठोकून बघा, वाळवी आपल्याकडे काही कमी नाही. आतलं घड्याळ, म्हणजे चाकं वेळेवर थांबवणारी यंत्रणा, ऐका : दांडा सोडल्यावर पंखा सारख्या आवाजात घर्रर्र करतो आणि चाकं डावीकडून एकेक करत थांबतात. अडखळत असेल तर बहुतेक वेळा तेल सुकून चिकट झालेलं असतं. यावर मराठवाड्यातला उपाय म्हणजे आणखी तेल ओतणे. नका ओतू. आपल्या उन्हाळ्यातली धूळ त्यात बसते आणि त्याचा लेप होतो. आधी धुवायचं, मग घड्याळाच्या तेलाचा थेंब. स्प्रिंग तुटली असेल तर घाबरू नका, नमुना दिला की वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत करून देणारे भेटतात.

नाणी पिशवीत टाकली का? नसतील तर तिकीट पुढं ढकला. अमेरिकेतल्या भाच्याला आठवण करा, तो विसरतो.

कायद्याचं : १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. हॉटेलात, ढाब्यावर, गणपतीच्या मंडपात 'गंमत म्हणून' ठेवून लोकांकडून पैसे घालून घेऊ नका. घरी ठेवायच्या आधीही वकिलाला विचारा. परदेशातून मागवणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी कस्टम एजंटला विचारा, नंतर नाही.

पावती. फोटो. आणताना यंत्र वेगळं, पेटी वेगळी. चादर, दोरी, जोडीला एक दणकट माणूस. ३५ किलोच्या आसपास भरतं ते, जिन्यात कळतं.