घरातल्या कचऱ्याचा शेवटचा मुक्काम कसा शोधावा

सगळ्या कचऱ्याच्या एकदम मागे लागल्यास हाती काहीच लागत नाही. म्हणून आठवडाभर ओला कचरा, कागद, काच व धातू, प्लास्टिक आणि बॅटऱ्या-औषधांसारखा घातक कचरा निरनिराळा साठवावा, तोलावा आणि त्यातल्या एकाच प्रकाराचा माग काढायला घ्यावा. धातूपाशी फार वेळ घालवण्याचे कारण नाही. खनिजापासून ॲल्युमिनियम बनवायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्क्यांत जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळतेच. खरा गुंता प्लास्टिकचा आहे.

प्लास्टिकच्या वस्तूवरचा त्रिकोण आणि त्यातला १ ते ७ मधला आकडा प्रथम पाहावा. हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो. ती वस्तू पुनर्चक्रित होईलच, अशी हमी देत नाही. १ आणि २ क्रमांकांच्या बाटल्यांना बहुधा मागणी असते. उलट, एखाद्या चकचकीत पाकिटाचा कोपरा फाडून पाहिला, तर प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये धातूचा वर्ख चिकटलेला आढळतो, आणि हे थर सोडवण्याचा खर्च त्यातून मिळणाऱ्या मालाच्या किमतीला परवडत नाही.

यानंतर कचरा उचलणाऱ्या यंत्रणेकडे लेखी विचारणा करावी. ‘पुनर्चक्रणासाठी पाठवला’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण पाठवणे आणि प्रत्यक्ष नवी वस्तू तयार होणे यांत बरेच अंतर असते. वर्गीकरण केंद्रात किती वजन आले, किती नाकारले गेले, नाकारलेला माल कोठे गेला आणि निवडलेल्या मालाचे दाबून बांधलेले गठ्ठे कोणी विकत घेतले, हे नेमके विचारावे. माझ्या मते यांतला नाकारलेल्या मालाचा प्रश्न सर्वांत बोलका आहे, आणि नेमके त्याचेच उत्तर सहसा गुळमुळीत येते.

गठ्ठे परदेशी जात असतील, तर तेवढ्यावरून तो व्यवहार अनैतिक ठरत नाही. स्वच्छ, एकजिनसी माल कारखान्याला कच्चा माल म्हणून हवाच असतो. घेणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक होते का, ते हाताळण्याची सोय त्याच्याकडे आहे का आणि उरलेला गाळ कोणाच्या दारात पडतो, हे तपासावे. २०१८ मध्ये चीनने घरगुती प्लास्टिक कचऱ्याची आयात बंद केल्यावर गठ्ठ्यांचा ओघ आग्नेय आशियाकडे वळला. २०१९ मध्ये फिलिपिन्सने ६९ कंटेनर कॅनडाला परत धाडले. पुनर्चक्रणाचे प्लास्टिक म्हणून काही वर्षांपूर्वी आलेल्या त्या मालात वापरलेल्या डायपरसह घरगुती कचरा निघाला होता. घातक कचऱ्याच्या देशादेशांतील वाहतुकीवरच्या १९८९ च्या बाझल या आंतरराष्ट्रीय करारात झालेली दुरुस्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि तिच्यानुसार मिश्र वा अस्वच्छ प्लास्टिक पाठवण्यापूर्वी आयातदार देशाची संमती घ्यावी लागते. तेव्हा अशी संमती घेतली आहे का, हेही विचारावे.

कचरा भरावभूमीत, म्हणजे तो पुरण्याच्या जागेत, जात असेल, तर तळाशी अस्तर आहे का, झिरपणाऱ्या काळ्या पाण्यावर प्रक्रिया होते का आणि वायू गोळा केला जातो का, याची चौकशी करावी. हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. भरावभूमी बंद झाल्यावरही तिची देखरेख काही दशके करावी लागते. तो खर्च कोण सोसणार आणि तिच्या शेजारी कोणाची वस्ती आहे, हे प्रश्न अस्तराइतकेच महत्त्वाचे आहेत. तरीही ज्याला कोणी गिऱ्हाईक नाही असे मळके, मिश्र प्लास्टिक दूरच्या अनोळखी वस्तीत पाठवण्यापेक्षा जवळच्या नीट बांधलेल्या भरावभूमीत पुरणे अधिक प्रामाणिक आहे, असे मला वाटते. निदान त्याचे ओझे ते निर्माण करणाऱ्यांच्या नजरेसमोर राहते.

मिळालेल्या उत्तरांप्रमाणे घरातली विभागणी बदलावी. ओला कचरा भरावात जात असेल, तर जमेल तेवढा घरीच किंवा सामायिक खड्ड्यात कुजवावा. बहुस्तरीय पाकिटे ‘होईल काहीतरी’ या आशेने पुनर्चक्रणाच्या डब्यात टाकू नयेत, कारण ती चांगला गठ्ठाही नासवतात. बाटल्या विसळून, वाळवून सुट्याच द्याव्यात. पातळ पिशव्या यांत्रिक वर्गीकरणाच्या फिरत्या चकत्यांना गुंडाळल्या जातात आणि त्या कापून काढण्यासाठी कामगारांना यंत्र थांबवून आत उतरावे लागते.