लिबरल आर्ट्सचं खासगी विद्यापीठ निवडताना आधी टाइमटेबल मागा

अशोका, फ्लेम, क्रिया, अझीम प्रेमजी, अहमदाबाद युनिव्हर्सिटी... यांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर सगळीकडे एक आश्वासन सापडतं: इथे अर्थशास्त्रासोबत संगीत शिकता येईल, भौतिकशास्त्रासोबत तत्त्वज्ञान. लिबरल आर्ट्सचं मोल याच मोकळिकीत आहे आणि चांगल्या ठिकाणी ती खरोखर मिळते. पण कुठे किती मिळते, हे माहितीपत्रक सांगत नाही. ते चालू सेमिस्टरच्या टाइमटेबलमध्ये दिसतं.

म्हणून प्रवेश विभागाकडे पहिली मागणी ही करा: मागच्या दोन सेमिस्टरमध्ये प्रत्यक्ष शिकवलेल्या कोर्सची यादी, शिक्षकाचं नाव, तासांची वेळ आणि वर्गाची कमाल संख्या. यातलं बरंचसं काही विद्यापीठांच्या संकेतस्थळावरच असतं. यादी हातात आली की पेन घेऊन बसा. समजा मेजर (मुख्य विषय) मानसशास्त्र आणि मायनर (दुय्यम विषय) संगणकशास्त्र घ्यायचं आहे. विभागाच्या पानावर पंचवीस कोर्स लिहिलेले असतील. त्यातले तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीचे किती या दोन सेमिस्टरमध्ये खरंच चालले, त्यावर खूण करा. सहा-सात निघाले आणि तेही दोनच शिक्षक शिकवत असतील, तर तो विभाग अजून उभा राहतोय असं समजा. एक शिक्षक रजेवर गेला की तुमचं वर्ष अडतं. मग वेळा पाहा. मेजरचा सक्तीचा कोर्स आणि मायनरचा पायाभूत कोर्स दोन्ही सोमवार-बुधवार सकाळी दहालाच असतील, तर कागदावरची मोकळीक तिथेच संपली. शेवटी वर्गसंख्या. चाळीस जागांच्या कोर्सला नोंदणीच्या पहिल्या तासात सीनियर मुलं बसतात आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना उरलेलं मिळतं. नोंदणीत प्राधान्य कोणाला, हे स्पष्ट विचारा.

क्रेडिटचं, म्हणजे प्रत्येक कोर्सला पदवीत जे वजन असतं त्याचं, गणितही आधीच करून ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट आहेत. म्हणजे आठ सेमिस्टर, दर सेमिस्टरला २० क्रेडिट, साधारण चार क्रेडिटचे पाच कोर्स. चार वर्षांत एकूण चाळीस. त्यातून मेजर, मायनर, सक्तीचे फाउंडेशन कोर्स आणि भाषा वजा केल्यावर पूर्णपणे मनाजोगे किती उरतात ते मोजा. हा आकडा प्रत्येक विद्यापीठात वेगळा येतो आणि तुलना करायला तोच सगळ्यात उपयोगी पडतो. क्रियात वर्षाला तीन सत्रं असतात, तिथे हिशोब त्या पद्धतीने करा.

अकरावीत गणित सोडलेल्या मुलांनी इथे जास्त सावध राहायला हवं. ‘दुसऱ्या वर्षी मेजर ठरवा’ हे ऐकायला सोपं आहे, पण अर्थशास्त्राच्या मेजरला कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा आणि संख्याशास्त्र लागतं आणि त्याची साखळी पहिल्याच सेमिस्टरपासून सुरू होते. ती साखळी दुसऱ्या वर्षी पकडायला गेलं की एक कोर्स अडला म्हणून पुढचे तीन अडतात. बारावीला गणित नसेल तर त्या मेजरला प्रवेश मिळतो का, मिळत असेल तर तयारीचा कोर्स आहे का, हे लेखी विचारा. उत्तर फोनवर मिळालं, तर तेच ईमेलवर मागून घ्या.

आता पदवीची कायदेशीर बाजू. विद्यापीठ यूजीसीच्या खासगी विद्यापीठांच्या यादीत आहे का पाहा. सिम्बायोसिससारखी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं वेगळ्या यादीत असतात. एखादी संस्था ‘लिबरल आर्ट्स’ शिकवते, पण पदवी दुसऱ्याच विद्यापीठाची देते, असं असेल तर गुणपत्रिकेवर कोणाचं नाव येईल ते विचारा. यूपीएससी किंवा एमपीएससीच्या राज्यसेवेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. मात्र काही भरतींना, बी.एड.ला आणि बऱ्याच एम.एस्सी. प्रवेशांना ‘पदवीला अमुक विषय’ अशी अट असते. एकाच विषयाचं मेजर कुठे बी.ए. म्हणून मिळतं, कुठे बी.एस्सी. म्हणून, आणि हा फरक चार वर्षांनी जाणवतो. सीजीपीएचं (सगळ्या सेमिस्टरच्या श्रेणीगुणांच्या सरासरीचं) टक्क्यांत रूपांतर करायचं अधिकृत सूत्र आहे का, हेही आत्ताच विचारा. अनेक सरकारी अर्जांत टक्केच मागतात.

खर्चात घरोघरी एकच चूक होते: पहिल्या वर्षाच्या फीला चारने गुणायचं. समजा शिकवणी फी ९ लाख, होस्टेल-मेस अडीच लाख आणि दरवर्षी ८ टक्के वाढ. चारने गुणून ४६ लाख येतात. वाढ धरली की ५१ लाख ८२ हजार. जवळपास सहा लाखांची ही तफावत तिसऱ्या वर्षी समोर येते, तेव्हा परतीची वाट नसते. स्कॉलरशिपच्या पत्रात तीन गोष्टी शोधा. सवलत फक्त शिकवणी फीवर आहे की होस्टेलवरही? ती टक्क्यांत आहे की ठरावीक रकमेत? (रक्कम ठरलेली असेल तर फी वाढेल तसा तुमचा वाटा वाढतो.) आणि टिकवायला किती सीजीपीए लागतो? वरच्या उदाहरणात ६० टक्के सवलत फक्त शिकवणी फीवर असेल, तर पहिल्या वर्षी भरायचे ६ लाख १० हजार. एकूण खर्चाचे ४० टक्के म्हणून जे ४ लाख ६० हजार आपण मनात धरतो, ते नव्हे.

महाराष्ट्रातल्या पालकांसाठी एक कळकळीची सूचना. मुलींच्या फीमाफीचा जुलै २०२४ चा शासन निर्णय खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. ‘मुलीला तर फी माफच आहे’ असं धरून खासगी विद्यापीठात जागा घेऊ नका. इथे मदत मिळते ती मुख्यतः विद्यापीठाच्या स्वतःच्या, उत्पन्न पाहून दिल्या जाणाऱ्या साहाय्यातून. त्यासाठी आयकर विवरणं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शेती असेल तर सातबारा, कर्जाचे हप्ते, घरातल्या आजारपणाचा खर्च असे सगळे कागद लागू शकतात. दाखला निघायला वेळ लागतो, त्यामुळे दिवाळीच्या सुटीतच कामाला लागा. कर्ज घेणार असाल तर पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या संस्थांच्या यादीत ते विद्यापीठ आहे का, हे अर्ज करण्याआधी तपासा.

अर्जातला निबंध मराठी शाळांतून आलेल्या मुलांना डोंगरासारखा वाटतो. खरं तर तिथेच त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याने त्या दिवशी पन्नासदा वाचलेलं असतं. त्याऐवजी लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव कसा होतो, व्यापारी ट्रॉलीपाशी येऊन मूठभर कांदे हातात घेऊन कसे पाहतात, सकाळी एक भाव फुटतो तर दुपारी दुसरा का, हे जे पाहिलं ते लिहा आणि त्यातून पडलेला प्रश्न मांडा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. दुसऱ्याने लिहून दिलेलं चालत नाही, कारण मुलाखतीत त्याच निबंधावर तिसरा-चौथा उपप्रश्न येतो आणि मूल गप्प होतं. अशोका आणि फ्लेमसारख्या ठिकाणी कलचाचणीही असते. तिला पाठांतर लागत नाही, वेळ लावून उतारे वाचायचा सराव लागतो.

प्लेसमेंटबद्दल सरासरी पगार ऐकून थांबू नका. तुकडीत किती मुलं होती, त्यातल्या किती जणांनी प्लेसमेंटसाठी नोंदणी केली आणि मधला, म्हणजे मेडियन पगार किती, एवढं विचारा.

शेवटी तारखा. प्रवेशाच्या फेऱ्या बारावीच्या परीक्षेच्या बऱ्याच आधी सुरू होतात आणि जागा राखायची रक्कम अनेकदा निकाल लागण्याआधी मागतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी माघार घेतली, तर प्रक्रिया शुल्क वगळून सगळी फी परत मिळते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८०, तिसाव्या दिवसापर्यंत ५० आणि मग काही नाही. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा द्यायला सांगितलं होतं. तुमच्या वर्षाचं परिपत्रक पाहा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले पडताळून परत करायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात, हेही त्याच नियमात आहे. शाळा सोडल्याचा दाखला देण्याआधी त्याच्या चार साक्षांकित प्रती काढून घरी ठेवा आणि माघारीचा अर्ज ईमेलवरच करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.