कूर्चापेशींचं कल्चर करताय? या चुका टाळा

"मॅडम, कोलॅजन दुप्पट झालं!" असं म्हणत कुणी हायड्रॉक्सिप्रोलीनचे (कोलॅजन किती आहे हे ज्यावरून मोजतात त्या अमिनो आम्लाचे) आकडे घेऊन आलं, की मी आधी विचारते, "पॅसेज कितवा?" म्हणजे पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवून वाढवल्या?

सांध्यातल्या कूर्चेची (कार्टिलेजची) पेशी गोल असते आणि टाईप दोन कोलॅजन (कूर्चेला बळकटी देणारं प्रथिन) बनवते. तीच फ्लास्कच्या तळाला चिकटून पसरली की लांबट होते, भराभर वाढते आणि टाईप एक बनवायला लागते, म्हणजे त्वचेतलं, हाडातलं कोलॅजन. हे १९७७ पासून माहीत आहे. तरी दरवर्षी कुणीतरी त्यातच अडकतं.

आमच्याकडच्या एका मुलाने खाटकाकडून बोकडाचा गुडघा आणला, कूर्चा सोलली, पेशी काढल्या. हात चांगला होता, पण पेशी कमी निघाल्या. दुसरा गुडघा आणण्याऐवजी त्याने आहेत त्याच सहाव्या पॅसेजपर्यंत वाढवल्या आणि त्यांच्यावर ग्रोथ फॅक्टरचा (पेशींना वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनाचा) प्रयोग लावला. तीन महिन्यांनी आकडे सुंदर आले, पोस्टरसुद्धा तयार झालं. मी म्हटलं, एकदा प्रत्येक प्रकार वेगळा ओळखणारी अँटिबॉडी लावून बघ. टाईप एकची स्लाईड लखलखली, टाईप दोनची जवळजवळ काळी. हायड्रॉक्सिप्रोलीन दोन्ही प्रकारांत असतं, त्या चाचणीला फरक कळतच नाही. पोरगा रडकुंडीला आला. मलाही वाईट वाटलं, कारण दुसऱ्या महिन्यात मायक्रोस्कोपखाली त्या लांबट पेशी मी स्वतः पाहिल्या होत्या आणि बोलले नव्हते.

तेव्हापासून माझा नियम: पहिल्या पॅसेजनंतर पेशी प्लास्टिकवर राहणार नाहीत. १.२ टक्के अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातल्या जेल बनवणाऱ्या पदार्थात) मिसळायच्या आणि सुईतून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराईडमध्ये सोडायच्या. साबुदाण्यासारखे मणी होतात आणि आत पेशी पुन्हा गोल होतात. अ‍ॅगरोज या अशाच दुसऱ्या जेलमध्ये ठेवल्यावर त्या टाईप दोनकडे परततात, हे १९८२ मध्ये दाखवलं गेलं. पण फार पॅसेज झाले असतील तर त्या पूर्ण परततीलच असं नाही. घाई असेल तर दोन गुडघे आणा, पॅसेज वाढवू नका.

दुसरी चूक व्हिटॅमिन सीची. साध्या डीएमईएममध्ये (पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक द्रवात, म्हणजे मीडियात) ते नसतंच. काहीजण घालायला विसरतात आणि काहीजण महिन्यातून एकदा अर्ध्या लिटरच्या बाटलीत घालून ती फ्रीजमध्ये ठेवतात. साधं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजेच व्हिटॅमिन सी, मीडियात टिकत नाही. इनक्युबेटरमध्ये तर दिवसभरात बहुतेक संपतं. ते नसेल तर कोलॅजनमधल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल बसत नाही, म्हणजे हायड्रॉक्सिप्रोलीन बनत नाही. तसं कोलॅजन २४ अंशांच्या आसपासच उलगडतं, ३७ अंशांवर त्याचा तिपेडी गोफ टिकणार कसा? पेशी ते नीट बाहेरही सोडत नाही. व्हिटॅमिन सी कमी पडून होणाऱ्या स्कर्व्हीत हिरड्यांचं जे होतं, तेच इथे फ्लास्कमध्ये. शिवाय तुम्ही मोजता हायड्रॉक्सिप्रोलीनच, त्यामुळे आकडा दोन्हीकडून पडतो. मी अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड-२-फॉस्फेट वापरते. ते टिकाऊ आहे. मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, आणि दर वेळी मीडिया बदलताना ताजं. महाग वाटतं, पण वाया गेलेला महिना त्याहून महाग पडतो.

आता बाकीच्या.

कोलॅजिनेजमध्ये (कूर्चा विरघळवून पेशी मोकळ्या करणाऱ्या एन्झाइममध्ये) कूर्चा "अजून थोडी विरघळू दे" म्हणून वाट बघत बसू नका. तुकडे उरले तर गाळून टाका, पेशी मारू नका.

सिरमचा (मीडियात घालायच्या रक्तद्रवाचा) लॉट प्रयोगाच्या मध्येच बदलू नका.

कोलॅजन डीएनएच्या प्रमाणात मांडा, नाहीतर पेशी वाढल्या की कोलॅजन वाढलं हे कळणार नाही.

फक्त आरएनए बघून प्रथिन बनलं असं लिहू नका.

आणि मीडिया फेकू नका. पेशींनी बनवलेलं सगळं कोलॅजन मण्यात अडकत नाही, बरंच बाहेर निसटतं. बदललेला मीडिया प्रत्येक वेळी तारीख घालून उणे वीसला ठेवा आणि मण्यांबरोबर तोही मोजा.