दोन वर्षांच्या लेकराचं मॉन्टेसरी : घरात होणाऱ्या या चुका टाळा

“ताई, ऑनलाइन मॉन्टेसरीचा लाकडी सेट मागवला. दोन दिवस खेळला आणि आता नुसता फेकतोय. काय करू?” बेळगावातल्या वडगावच्या, टिळकवाडीच्या, अगदी निपाणीकडच्याही आया मला हे विचारतात. लहान मुलांत काम करून माझी बरीच वर्षं गेली, तरी माझं उत्तर बदललेलं नाही. सेट कपाटात ठेवा आणि आठवडाभर लेकरू घरात कशाकशाला हात लावतंय तेवढं बघा. बहुतेक घरांत ते सरळ स्वयंपाकघरात जातं.

फेकणाऱ्या मुलाला बहुधा अंगमेहनतीचं काम हवं असतं. बाजारातून आणलेली बटाट्यांची छोटी पिशवी सोप्यातून आत ओढत न्यायला सांगा. कांदे एका बुट्टीत, बटाटे दुसऱ्या बुट्टीत टाकू दे. फेकायचंच असेल तर अंगणात चेंडू आहे. घरात वस्तू फेकली, तर न ओरडता ती उचलून ठेवायची आणि त्या दिवशी परत द्यायची नाही. खेळणीही एका वेळी पाच-सहाच बाहेर असावीत. ढिगातून निवडणं या वयाला जमत नाही.

मॉन्टेसरी म्हणजे महागडं सामान, ही समजूत तर सोडूनच द्या. मुलानं स्वतःच्या हातानं काम करत शिकावं, ही ती पद्धत. ती मांडणाऱ्या मारिया मॉन्टेसरी स्वतः डॉक्टर. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि गावात मिळेल त्या साध्या, स्वस्त वस्तूंतून त्यांनी बालवाडी उभी केली. आपल्याला तर खानापूरची मातीची भांडी हाताशी आहेत.

मध्येच हात घालणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, आणि ती मायेपोटी होते. माझ्याकडे बावीस महिन्यांची एक मुलगी यायची. मातीच्या छोट्या चंबूतून पेल्यात पाणी ओतत होती. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात, दोन्ही हात चंबूला, डोळे धारेवर. थोडं पाणी बाहेर सांडलं. न्यायला आलेली आज्जी धावली, “अगं सांडशील, दे इकडं!” पोरीनं चंबू सोडून दिला आणि पाठ फिरवली. पुढचे तीन दिवस तिनं त्याला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी चंबूत अर्धा पेलाच पाणी ठेवलं, शेजारी हातभर फडकं ठेवलं आणि आज्जींना माझ्याजवळ बसवून घेतलं. मुलीनं तेच पाणी इकडून तिकडे अकरा वेळा ओतलं. मग फडकं घेऊन सांडलेलं पुसायला लागली आणि ते आणखी पसरवलं. आज्जी दोन वेळा उठायला गेल्या, दोन्ही वेळा परत बसल्या. मुलगी सगळं आटपून आपण होऊन उठली, तेव्हा आज्जींच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा वेळ तिला एका जागी बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

घरी रोज सांडत असेल, तर आधी वाटीतून वाटीत तांदूळ घालू दे. पाण्यावर आलात की तुम्हाला पुसायला जड जाणार नाही तेवढंच द्या. प्लॅस्टिकच्या भांड्यांवर मात्र थांबू नका. मातीचा पेला आपटला की फुटतो, हे लेकराच्या हाताला एकदा कळलं की हात सांभाळून धरायला शिकतो. खापऱ्या आपण उचलायच्या.

इथं एक गोष्ट मात्र नीट ऐका. शेंगदाणे, चणे, वाटाणे, मणी या वयात अजिबात देऊ नका. ते नाकात जातात, घशात अडकतात. आणि न्हाणीत भरलेल्या बादलीजवळ मूल एक मिनिटही एकटं नको.

‘हट्टी आहे’ असा शिक्का मारणं

आज्जीचा चष्मा आबांनी गंमत म्हणून डोळ्यांवर चढवला आणि दीड वर्षाचं लेकरू रडून लाल झालं. हा हट्ट नव्हे. साधारण एक ते तीन वर्षांत मुलाला प्रत्येक गोष्ट आपल्या जागी, आपल्या माणसाकडे लागते, तेव्हाच त्याला जग कळायला लागतं. चष्मा परत द्या, रडं थांबेल. चपला, ताट, पाट यांच्या जागाही रोज त्याच ठेवा.

पेन्सिल हातात देण्याची घाई तर अजिबात नको. कणीक मळणं, ओला रुमाल पिळणं, यातूनच बोटं तयार होतात.

भाषेची भीती

आपल्या भागातली ही खास चूक. घरात मराठी, शेजारी कन्नड, पुढं इंग्रजी शाळा. मूल गोंधळेल म्हणून आई-बाप घरात “वॉटर पी, शूज घाल” सुरू करतात. “आई, नीरु पायजे” म्हणणारं लेकरू गोंधळलेलं नसतं. त्याच्याकडे दोन भाषांची शिदोरी आहे आणि हाताला आला तो शब्द ते वापरतंय. हसू नका, दुरुस्त करू नका. “पाणी हवंय? हे घे पाणी,” एवढं पुरे. तुम्ही तुमची पूर्ण मराठी बोला, शेजारच्या अक्कांना त्यांची कन्नड बोलू दे.

पाहुण्यांसमोर “हे काय? ते काय?” अशी परीक्षा घेऊ नका. मॉन्टेसरीत शब्द तीन पायऱ्यांनी देतात. आधी वस्तू हातात देऊन, “ही पळी. हा झारा.” मग, “झारा कुठाय? आण बघू.” या पायरीवर कितीही दिवस रेंगाळा, लेकरांना हीच आवडते. “हे काय?” सगळ्यात शेवटी. चुकलं तर “नाही” न म्हणता दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली पायरी.

दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा. तरीही कमी वाटलं तर “बोलेल की सावकाश” म्हणत बसू नका, आधी कान तपासून घ्या.