जुनी मोटरहोम, छोटा जनरेटर: जोडण्याआधी आणि जोडताना

जुन्या मोटरहोममधला फिटिंगचा जनरेटर बंद पडला की तो खोलून दुरुस्त करण्यापेक्षा हाताने उचलून नेता येईल असा छोटा घेणं बरं पडतं, मीही तेच केलं, आणलं, वायर जोडली, एसी लावला आणि जनरेटरने एकदा घुर्र केलं, ओव्हरलोडचा लाल दिवा लागला, खेळ खल्लास. मग कुठे कागद पेन घेऊन हिशोबाला बसलो. तुम्ही आधी बसा.

गाडीचं मेन कनेक्शन १२० व्होल्ट ३० अँपचं असेल तर ती जास्तीत जास्त ३६०० वॅट घेऊ शकते, २३० व्होल्ट १६ अँपचं असेल तर ३६८०. म्हणून तेवढ्याच ताकदीचा जनरेटर हवा असं अजिबात नाही, सगळं एकदम लावतंय कोण. खरा खादाड एसी. टपावरचा १३,५०० बीटीयूचा (हे थंड करायच्या ताकदीचं माप) एसी चालताना दीड हजार वॅटच्या आसपास घेतो पण कॉम्प्रेसर उठतो त्या क्षणी त्याच्या दुप्पट किंवा जास्तच ओढतो, त्यामुळे एकटा २००० वॅटवाला तिथेच मान टाकतो. एकतर एसीला सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू उठवणारा डबा, बसवून घ्या नाहीतर कंपनीने सोय दिली असेल तर एकाच मॉडेलचे दोन जनरेटर पॅरलल किटने, म्हणजे दोघांची ताकद एकत्र करणाऱ्या वायरसंचाने, जोडा. मायक्रोवेव्हवर १००० वॅट लिहिलंय त्याला फसू नका, ते अन्नापर्यंत पोचणारे, सॉकेटमधून तो दीडेक हजार घेतो. आणि उंचावर गेलात तर दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद कमी होते तेही धरा.

चोर मात्र वेगळेच असतात. गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा फ्रीज ऑटोवर असेल तर वीज मिळाली की तो गुपचूप विजेवर जातो, गेले तीनचारशे वॅट. गिझरचं विजेचं बटण चालू राहिलं तर अजून चौदाशे. दोन्ही गॅसवर टाका. मला हे कळायला अख्खा सीझन गेला, तोवर जनरेटरलाच शिव्या घालत होतो.

आता वायर. गाडीचा मेन प्लग हातात घेऊन उजेडात धरा. माझ्या प्लगच्या एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं, पिन काळी, नखाने खरवडली तर खपली निघाली, म्हणजे ढिलं कनेक्शन किती वर्षं तापत होतं देव जाणे. असला प्लग घासूनपुसून वापरायचा नाही, कापायचा आणि नवीन लावायचा. ब्रेकर बोर्डातले स्क्रूपण हादऱ्यांनी ढिले होतात, सगळी वीज तोडून तपासून घ्या. ३० अँपला एक्सटेंशन वायर १० गेजची, म्हणजे साधारण सव्वापाच चौरस मिलिमीटरची हवी, आणि पूर्ण उलगडून टाका, गुंडाळी तशीच ठेवून लोड दिला की ती तापते. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून गाडीच्या सॉकेटमध्ये उलटी वीज घालायचा जुगाड कोणी सुचवला तर हात जोडा, त्या उघड्या पिनांना करंट असतो.

अजून एक भानगड. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारी पेटी, लावलेला असेल तर कधीकधी तो अर्थिंगचा फॉल्ट दाखवतो आणि गाडीत वीजच सोडत नाही. जनरेटर बिघडलेला नसतो, बऱ्याच इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले नसतात म्हणून असं होतं. त्यासाठी ते दोन्ही जोडणारा बाँडिंग प्लग मिळतो, पण मॅन्युअलमध्ये न्यूट्रल फ्लोटिंग (अर्थला न जोडलेला) आहे असं लिहिलेलं असेल तरच वापरा, डोक्यावरून जात असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवा.

धुराचं मात्र लाइटली घेऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) ना रंग ना वास, झोपेत माणूस जातो. जनरेटर गाडीपासून निदान ६ मीटर लांब, सायलेन्सरचं तोंड गाडीच्या आणि शेजाऱ्याच्याही उलट दिशेला, वारा फिरला की जागा बदला. जुना जनरेटर काढल्यावर जो कप्पा रिकामा राहतो त्यात नवा ठेवायचा मोह होतो, पावसात तर फारच, पण नको, तिथे उष्णता कोंडते आणि धूर फरशीच्या फटीतून वर येतो. आणि आतला सीओ अलार्म उलटा करून तारीख बघा, बरेचसे ५ ते ७ वर्षांत बाद होतात, टेस्टचं बटण दाबल्यावर वाजला म्हणजे सेन्सर जिवंत आहे असं नाही.

चालू करताना गाडीतले सगळे ब्रेकर खाली, जनरेटर एकटा दोनतीन मिनिटं फिरू द्या, मग वायर जोडा, मेन वर करा, मग बॅटरी चार्जरचा ब्रेकर, आणि जनरेटरचा आवाज स्थिर झाला की एसी. एसी लावताना इको मोड (लोड कमी असला की इंजिनचा वेग उतरवणारा) बंद ठेवा, नाहीतर इंजिन वेग पकडेपर्यंत कॉम्प्रेसर अडकतो. मायक्रोवेव्ह लावायचा तर एसी बंद. बंद करताना हाच क्रम उलटा.

बॅटरी भरायला सकाळची वेळ बरी. जुना कन्व्हर्टर, म्हणजे गाडीतला बॅटरी चार्जर, बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत त्यातल्या त्यात लवकर नेतो, शेवटच्या २० टक्क्यांना तासनतास लावतो, त्यासाठी पेट्रोल जाळू नका, ते काम सोलरला द्या. पैसे खर्च करायचेच तर मोठ्या जनरेटरआधी नवीन मल्टिस्टेज (टप्प्याटप्प्याने भरणारा) चार्जर घ्या.

पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, गार झाल्यावरच. नव्या जनरेटरचं पहिलं ऑइल बहुतेक २० तासांनी बदलायला सांगतात, आणि महिनाभर लागणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि पुढच्या ट्रिपला तुम्ही दोरी ओढत बसता.